बँकेसाठी म्हणून काढलेला फोटो

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मी बारा वर्षं पॅकिंगला होते. आठ आठ तास उभ्यानं काम. कंबर कायमची धरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, उभं राहायचं काम सोडा. सोडलं. मग बसून करायचं काही मिळतंय का बघायला अर्ज करायचे होते आणि अर्जाला फोटो लागत होते. तेवढ्यासाठी मी रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या स्टुडिओत गेले. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि सकाळी उठायचे तीच दमलेली.

त्या दिवशी वीज नव्हती. स्टुडिओवाले काका सत्तरीला टेकलेले. त्यांनी मला खिडकीजवळ स्टुलावर बसवलं, हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. त्यांचे हात थरथरत होते. पहिला फोटो हलला. दुसरा हलला. तिसऱ्या वेळी त्यांनी कोपरं छातीशी आवळून धरली, श्वास रोखला, तरी हललाच.

"दिवे असले की भागतं," ते म्हणाले. "फ्लॅश इतका झटकन येतो की हात हलला तरी कळत नाही. आज नुसत्या खिडकीवर काम आहे."

शेवटी त्यांनी कॅमेरा स्टँडवर चढवला, टायमर लावला, आणि माझा फोटो निघाला. पण माझ्या मागे एक बाई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती, बालवाडीच्या प्रवेशाचा फोटो हवा म्हणून. ती पोर टायमरचे दहा सेकंद कुठली गप्प बसायला! चार वेळा तिनं मान फिरवली. काका घामाघूम झाले. माझं काम झालं होतं, मी निघायला हरकत नव्हती. पण मी म्हटलं, "काका, मी दाबू का बटण? तुम्ही सांगा कधी ते."

त्यांनी एकवार माझ्याकडे बघितलं आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. वाटलं होतं त्यापेक्षा जड होता.

"डावा हात लेन्सच्या खालून. कोपरं अंगाला. तो चौकोन तिच्या डोळ्यावर ठेव. आता दाब."

पोरीचा चेहरा स्वच्छ आला. त्या दोघी गेल्यावर काकांनी विचारलं, "अर्ज कसला करत्येस?" मी सांगितलं. "इथं बसायला स्टूल आहे," ते म्हणाले. "उद्यापासून ये."

मी शिकायला लागले ती अशी. आवड होती, स्वप्न होतं, असं मला सांगता येणार नाही. माझा नवरा ट्रकवर असतो, महिन्यातले बरेच दिवस बाहेर; घरी बसून भिंती बघण्यापेक्षा हे बरं, एवढंच वाटलं होतं. काका खुर्चीत बसून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून शिकवायचे. शटरचा वेग एकशे पंचवीसच्या खाली आणायचा नाही, कारण मी हलले नाही तरी समोरचं माणूस श्वास घेतं, तेवढ्यानं डोळे पुसट होतात. लेन्सचं छिद्र मोठं केलं की मागचा पसारा विरघळतो, पण फार मोठं केलं तर माणसाचे कानही विरघळतात. आयएसओ वाढवला की अंधारात दिसतं, पण चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा दिसतो. मोबाईलसारखं तोंडाजवळ जायचं नाही, नाक फुगतं. लांबची लेन्स लावून चार पावलं मागे व्हायचं. दोन डोळ्यांपैकी आपल्या जवळचा जो डोळा, तो धारदार हवा. तो चुकला की बाकी सगळं बरोबर असून फोटो गेला.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला अशी शिकवली की ती कुठल्या पुस्तकात असेलसं वाटत नाही. आमच्याकडची माती लाल, घरांच्या चिऱ्याचा दगड लाल. उन्हाच्या वेळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, फोटो काढला की खालून लाल उजेड उसळतो आणि हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली तांबूस छटा धरते. माणूस आजारी किंवा संतापलेलं दिसतं. काका म्हणाले, "जमिनीवर पांढरी चादर अंथर. कॉम्प्युटरवर दुरुस्त करत बसू नको." तेव्हापासून माझ्या बॅगेत एक पांढरी चादर असते.

कॉम्प्युटरवर दुरुस्त करायलाही मी शिकले, आणि त्यात माझा हात लवकर बसला. लग्नाच्या स्थळासाठी फोटो काढायला मुली यायच्या, बरोबर आई असायची. मुलगी आरशापुढे केस नीट करत असताना आई काउंटरवर वाकून हळूच म्हणायची, "थोडी उजळ करा हं." मी करायचे. एकदा एक मुलगी स्वतःचा फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ते लोक मला बघायला येतील तेव्हा काय करू?" तिची आई हसली, मीही हसले. तो फोटो मी पाकिटात घालून दिला.

दोनेक वर्षांत काकांचे हात इतके गेले की शूटिंगचं सगळं काम माझ्याकडे आलं. त्याच सुमाराला गावाकडच्या ऑर्डरी वाढल्या. आतल्या गावांत म्हातारी माणसं घरी आणि मुलगे मुंबईला. आईबापाचा एक नीट फोटो असावा असं या मुलग्यांना चाळिशी-पन्नाशीला अचानक वाटायला लागतं. कशासाठी, ते सगळ्यांना ठाऊक असतं.

वैशाखात अशाच एकाचा फोन आला. गाव संगमेश्वरच्या पलीकडे, आत.

"आईचा फोटो हवाय. मोठा, फ्रेम करून. पण तिला सांगू नका हं कशासाठी. फ्रेमचा फोटो म्हटलं की ती उठून जाते. म्हणते, मला मारायलाच निघालात."

"मग काय सांगू?"

"बँकेचं सांगा. बँकेचं म्हटलं की ती काही बोलत नाही."

मी फोन ठेवून काकांकडे बघितलं. ते म्हणाले, "सगळे तसंच सांगतात. जाऊन ये."

सकाळच्या एसटीनं संगमेश्वर, तिथून गावची गाडी, फाट्यावर उतरून अर्धा तास चढ. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, हातात चादर आणि उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा. वाटेत दोनदा दगडी कुंपणाच्या गडग्यावर टेकले. घर सापडलं तेव्हा कंबरेतून कळा येत होत्या आणि डोक्यात एकच विचार होता की परतीची गाडी चार वाजता आहे.

आजी खळ्यात आमसुलं वाळत घालत होत्या. बारक्या, ताठ. डाव्या गालावर कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक जुना वण.

"बँकेला फोटो कशाला गो बाय?"

"नवीन नियम आलाय आजी."

इतकं सहज आलं तोंडातून. मी वाक्य ठरवूनसुद्धा आणलं नव्हतं.

"मग थांब," म्हणत त्या आत गेल्या. हातपाय धुऊन, केसांना तेल लावून, घडीचं लुगडं नेसून आल्या. तोवर शेजारच्या घरातली त्यांच्याच वयाची एक आजी गडग्यापाशी येऊन उभी राहिली होती.

"बँकेत काय नवरी बघायला येनार हायत काय?" ती ओरडली.

"तू गप. बाय, हिला पन घे गो बाजूला. आमचा दोघींचा एक पन फोटो नाय."

"बँकेला एकटीचाच लागतो आजी."

"एक काढून ठेव ना, जास्तीचा."

मी घड्याळात बघितलं. "पुढच्या वेळी," मी म्हटलं. पुढची वेळ येणार नव्हती हे मला माहीत होतं. जास्तीचा फोटो काढायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मला त्यांना पुन्हा बसवायचं, पुन्हा चादर सरळ करायची, पुन्हा वाकायचं, याचा कंटाळा आला होता.

"हसायचं नाय ना बँकेला?" आजींनी विचारलं.

"नका हसू."

त्या पडवीच्या पायरीवर बसल्या आणि साहेबासमोर बसावं तशा थेट लेन्सकडे बघत राहिल्या. पडवीच्या कडेचा उजेड मऊ होता, चादरीनं लाल छटा मारली होती, जवळचा डोळा असा धारदार आला की बुबुळातलं खळंसुद्धा दिसत होतं. तोवरच्या माझ्या सगळ्या कामात तो फोटो उजवा होता. "दाखव बघू," त्या म्हणाल्या. "नंतर दाखवते," म्हणून मी लेन्सवर झाकण बसवलं.

फोटो मुलाला पाठवला तेव्हा त्याचा लगेच फोन आला. "छान आलाय. फक्त गालावरचा वण काढा. आणि कानाची भोकं ओघळलीत, ती जरा नीट करा. लुगड्याच्या जागी एखादी साडी बसते का बघा ना." दोन संध्याकाळ बसून मी ते सगळं केलं. वण घालवला, वणाबरोबर त्या बाजूच्या सुरकुत्या गेल्या, मग दोन्ही गाल सारखे दिसावेत म्हणून उजवीकडच्याही घालवल्या. काकांनी बघितलं. "काम सफाईदार आहे," एवढंच म्हणाले. फ्रेम होऊन फोटो मुंबईला गेला आणि मी तो विसरले.

थंडी पडल्यावर, एका सकाळी, मी दार उघडून झाडत होते तेव्हा दोन म्हाताऱ्या पायऱ्या चढून आल्या. मला आधी ओळख पटली ती वणाची. आजींच्या हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मागे ती शेजारची आजी, एका हातानं भिंत धरून चढत असलेली. पहाटेच्या गाडीनं निघाल्या होत्या दोघी.

गुंडाळलेलं लुगडं उलगडून त्यांनी त्यातली फ्रेम काउंटरवर ठेवली. मुलगा गणपतीला आला तेव्हा ती आणून माळ्यावर ट्रंकेमागे लपवून गेला होता. तांदळाचं पिंप काढताना ती त्यांच्या हाताला लागली. मागे आमच्या स्टुडिओचं लेबल होतं, ते कुणाकडून तरी वाचून घेऊन त्या आल्या होत्या.

"ही कोन?" त्यांनी विचारलं.

मी फ्रेम माझ्याकडे वळवून घेतली.

"माझ्या आयशीवानी वाटते. पन आय एवढी गोरी नव्हती."

मी म्हटलं, "आजी, बसा."

"बसाय नाय आलो. मला सांग, बँकेचा फोटो खय गेला?" आणि मग त्या थांबल्याच नाहीत. "तीन खेपा मारल्या मी बँकेत. पयल्या खेपेला तो म्हनाला, कसला फोटो? आमी नाय मागवला. दुसऱ्या खेपेला परत तेच. तिसऱ्या खेपेला त्यानं मला आत बोलावलं, खुर्ची दिली. म्हनाला, आजी, तुमाला कुनीतरी फसवलंय. कुठं सही-अंगठा दिलात काय? आठवून बघा. मी रोज आठवतेय. तू कागद दिलेलास काय मला? मी अंगठा केला काय? घर गेलं काय माझं? पोराला सांगाय भीती वाटते, तो वरडेल. सात महिने झाले, मला जेवन जात नाय."

शेजारची आजी मागून म्हणाली, "खरंच नाय जात. मी बघतेय."

मी स्टुलावर बसले. आजी उभ्या होत्या आणि मी बसलेली होते, हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

"कागद नव्हता आजी. अंगठा घेतला नाही. घर तुमचंच आहे. बँकेचं काही नव्हतंच. मी खोटं बोलले."

"का?"

"तुमच्या मुलानं तसं सांगायला सांगितलं."

"त्यानं सांगितलं," त्या म्हणाल्या. "बोललीस तू."

काकांनी आतून चहाचे पेले आणले. हात थरथरून अर्धा चहा ताटलीत सांडलेला. आजींनी पुढे होऊन त्यांच्या हातातून ताटली घेतली आणि म्हणाल्या, "तुमी बसा आदी." मग त्याही बसल्या.

नंतर मी फोटो कशासाठी काढला ते खरं सांगितलं. त्यांना ते ठाऊक झालंच होतं. हार अडकवायला वर खिळा ठोकलेली फ्रेम होती ती. त्यावर त्या चिडल्या नाहीत. चिडल्या त्या वणावरून.

"हा कशाला पुसलास?"

मी म्हटलं, "मुलाला वाटलं, बरं दिसेल."

तेव्हा शेजारची आजी खाली बघत बोलली. "तो माज्यामुळं झालाय. दोघी नव्या नव्या नांदाय आलेलो, पयलंच वर्ष. भात कापताना माजा विळा निसटला. हिचा गाल फाटला. मी महिनाभर हिच्या घरचं पानी भरलं."

"सवा महिना," आजी म्हणाल्या.

"तवापासून आमचं बोलनं."

आजींना मूळ फोटो बघायचा होता. मी कॉम्प्युटरवर उघडला, वण, सुरकुत्या, ओघळलेले कान, सगळं होतं तसं. त्यांनी पुढे वाकून बघितला. "ही मी," त्या म्हणाल्या. "पन बँकेला बघतेय ती." मग जरा वेळानं, "पुसून टाक. दोनी पन."

मी आधी दुरुस्त केलेला पुसला. मूळच्या फोटोवर बोट आलं तेव्हा थांबले. माझ्या हातून निघालेला तो पहिला खरा चांगला फोटो होता. मनात आलं की एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये आहे, आजींना काय कळणार. मग तो फोल्डरही उघडला आणि तिथलीही पुसली. हे मी मोठेपणानं केलं नाही. काका बघत होते, आणि मला अजून एक खोटं सांभाळत बसायची ताकद नव्हती.

फ्रेम त्यांनी परत नेली नाही. मी त्यांना एसटी स्टँडवर सोडून आले. परत आले तर काका तसेच बसलेले. म्हणाले, "चाळीस वर्षं मी हेच सांगत आलो. कधी रेशनचं, कधी पेन्शनचं. कोणी परत आलं नाही. मला वाटलं, चालतंय."

दुपारी मी मुलाला फोन केला. तो भडकला. फोटो त्यानं मागवला होता, पुसायचा मला काय अधिकार, वर आईला चढवून ठेवलंत, असं बरंच बोलला. मी ऐकून घेतलं. बँकेच्या तीन खेपांचं सांगितलं तेव्हा मात्र त्याचा सूर उतरला. म्हणाला, "बाबांचा एकही फोटो नव्हता हो. ते गेले तेव्हा लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा केला. त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, तो अजून तसाच दिसतो भिंतीवर. नुसता पंजा. मला आईचं तसं नको होतं."

मी म्हटलं, "हेच आईला सांगा ना."

"तुम्ही सांगा. मी मुलगा आहे, मी कसं सांगणार?"

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. तेवढं मात्र मी पक्कं केलं होतं.

शिमग्याला तो गावी आला आणि तिथून त्यानं फोन केला. देवाची पालखी घरी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी या, म्हणाला. मी गेले. पन्नाशीचा, सुटलेल्या पोटाचा, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस. मला बघून नमस्कार केला आणि खांब धरून उभा राहिला. आजी पायरीवर बसल्या होत्या. शेवटी त्यानं भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे हात केला आणि म्हणाला, "आये, तसलं नको मला. तुझा नीट हवा. नंतरसाठी."

"मेल्यावर लावायला ना?"

त्यानं मान हलवली.

"एवढं बोलाय तुला वरीस लागलं," आजी म्हणाल्या. त्याचे डोळे भरले. तो परसात निघून गेला आणि आमचं काम होईपर्यंत आला नाही.

त्या दिवशी काम फार हळू झालं. मी चादर अंथरली तर आजी म्हणाल्या, धुतलेली चादर मातीत कशाला, उचल. मी लाल उजेडाचं सांगितलं. "मग दिसूदे लाल. माती लालच हाय आमची." चादर उचलावी लागली, मी त्यांना पडवीत जरा आत सरकवून, सावलीच्या कडेला बसवून भागवलं. प्रत्येक फोटो मी मागच्या पडद्यावर दाखवत होते. पहिला त्यांनी नापास केला, डोळे मोठे वाटतात म्हणून. दुसरा, तिसरा, चौथाही. "ह्यात मी आताच मेलेली दिसते," त्या म्हणाल्या. मी तासभर वाकून उभी होते. कंबर ठणकत होती, पण घड्याळ मी बॅगेत टाकून ठेवलं होतं.

शेवटी एक त्यांना पसंत पडला. त्यात त्या सरळ कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या, वण असलेली बाजू पुढे होती आणि तोंड अर्धवट उघडं, कारण त्या शेजारणीला लवकर ये म्हणून हाक मारत होत्या. काकांनी शिकवलेल्या हिशोबानं तो काही उत्तम फोटो नव्हता. आधी पुसलेल्या फोटोची सर त्याला नव्हती. "हा दे त्याला," त्या म्हणाल्या.

मग शेजारची आजी आली. तीही घडीचं लुगडं नेसून आलेली. दोघी पायरीवर बसल्या आणि लगेच भांडायला लागल्या, कोणी कुठल्या बाजूला बसायचं त्यावरून. मी थांबले. हल्ली मी थांबते, आधी थांबत नसे. भांडण संपल्यावर दोघी मुकाट झाल्या, तेव्हा बटण दाबलं. दोघींना एकेक प्रत हवी होती. शेजारच्या आजीनं विचारलं, "हा कुनाला दाखवनार काय तू?" मी म्हटलं, "नाही." खरं तर आमच्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावायला तो छान दिसला असता. विचारावंसं वाटलं, पण त्या दिवशी विचारलं नाही.

यानंतर सगळं बदललं वगैरे नाही. स्थळाच्या फोटोतल्या मुलींना मी उजळ करत नाही म्हणून काही आया दुसरीकडे जातात. गावाकडच्या ऑर्डरी कमी झाल्या. फोनवर मी आधीच सांगते की फोटो कशासाठी ते मी आईबापांना सांगणार, आणि ते नको म्हणाले तर परत येणार. बरेच मुलगे म्हणतात, कळवतो, आणि कळवत नाहीत. काका आता रोज येत नाहीत. आले की खुर्चीत बसतात, हात मांड्यांखाली, आणि मी फोटोला बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला, पत्ता विचारावा तसं, सरळ विचारते, "हा फोटो कुठे लागणार आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?" तेव्हा काका खिडकीबाहेर बघतात.

गेल्या महिन्यात हेदवीच्या बाजूला गेले होते, एका आजोबांचा फोटो काढायला. मुलीनं पाठवलं होतं. आजोबा सुपारी सोलत बसले होते. मी सांगितलं, तुमच्या मुलीला तुमचा एक मोठा फोटो हवाय, तुमच्या पश्चात घरात असावा म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं, सुपारी बाजूला ठेवली, जरा विचार केला.

"नको," ते म्हणाले. "तिला सांग, मी नको म्हटलं. रागानं नाही म्हटलं म्हणावं."

"बरं," मी म्हटलं.

त्यांच्या सुनेनं ताक दिलं, ते मी प्यायले. आजोबा काढणीला आलेल्या सुपारीविषयी, माकडांविषयी बोलत राहिले. बॅग न उघडता मी फाट्यावर परत आले. गाडीला दीड तास होता. दगडावर बसून मी कंबर दाबत राहिले, मुलीला काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव केली, आणि गाडीत जागा मिळाल्यावर तिला फोन लावला.